दिवाळीनंतरची तारीख

भाऊबीज झाली, कोर्टाच्या सुट्ट्या संपल्या, आणि त्याच सकाळी गुरुपादप्पांनी चहाचा कप बाजूला ठेवून हाजराबीचा दावा मोबाईलवर उघडला. आधी जिल्हा निवडायचा, मग न्यायालय, मग दाव्याचा नंबर आणि साल, आणि शेवटी चौकटीतली ती वेडीवाकडी अक्षरं जशीच्या तशी खाली लिहायची. आज अक्षरं पहिल्या फटक्यात जुळली. पान उघडलं. पण जिथं पुढची तारीख असायची तिथं आज तारीख नव्हती. दावा निकाली निघाला होता. कारण लिहिलं होतं: वादी गैरहजर, दावा काढून टाकला. हुकूम दिवाळीच्या आधीचा होता.

त्यांनी पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं. वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचा दावा उघडला असेल. पण वर नाव स्पष्ट होतं: हाजराबी भ्र. (भ्रतार) मकबूल, राहणार लातूर.

गुरुपादप्पा मठपतींची सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली होती. स्वभाव असा की पुस्तक परत मागायचं झालं तरी पोराच्या तोंडाकडं न बघता कपाटाकडं बघून मागायचे. इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं असेल तर एवढंच, की अमुक विषयाचं गाईड आहे का. निवृत्तीनंतर मुलानं, अमरेशनं, पुण्याहून मोबाईल आणून दिला, आणि एक दिवस पेपरात वाचून त्यांनी कोर्टाचं ते पान शोधून काढलं. कुणाचाही दावा, कुणालाही, घरबसल्या बघता येतो! त्यांना पहिल्यांदा ते खरंच वाटेना. मग गल्लीतल्या एकाला त्याची तारीख सांगितली, त्यानं दुसऱ्याला सांगितलं, आणि बघता बघता सकाळी ओट्यावर माणसं यायला लागली. वाटणीचे, बांधाचे, सुनेच्या पोटगीचे दावे. "अण्णा, आमची तारीख बघा की." वकिलाकडं हेलपाटा घालण्यापेक्षा मठपतींचा ओटा बरा. गुरुपादप्पा वरून संकोचायचे, "अहो, मला काय कळतंय त्यातलं," म्हणायचे, पण पहाटेच आंघोळ उरकून ओट्यावर येऊन बसायचे.

आणि तिथंच घात झाला. नवरात्राच्या आसपास हाजराबी आली होती. ओट्यावर चौघंजण आधीच बसलेले. गुरुपादप्पांनी अक्षरं लिहिली, चुकली. पुन्हा लिहिली, पुन्हा चुकली. तिसऱ्या वेळी मोबाईलवरचं चाक नुसतंच गरगरत राहिलं. "उघडत नाही, उद्या या," एवढंच सांगायचं होतं. पण सगळे बघत होते. आणि इतक्या दिवसांत त्यांच्या एक लक्षात आलं होतं, की दसऱ्याला विचारलेली तारीख दिवाळीच्या सुट्ट्या ओलांडूनच लागते. म्हणून मोबाईल खाली ठेवता ठेवता ते बोलून गेले, "तुमची तारीख आता दिवाळीनंतर, भाबी. निवांत राहा."

हाजराबी निवांत उदगीरला गेली. जेबा, तिची लेक, बाळंतपणाला टेकली होती. आणि कोर्टात नवीन आलेल्या न्यायाधीशांनी दिवाळीच्या आधी जुने दावे पटापटा पुकारले. हाजराबीचे जुने वकील भीमाशंकर वकिली सोडून नांदेडला लेकीकडं राहायला गेलेले. येत्या तारखेला नवीन वकील उभा करायचा, एवढंच ठरलं होतं. पुकारा झाला तेव्हा तिच्या बाजूनं उभं राहायला कुणीच नव्हतं.

दावा होता एका बोळाचा. हाजराबीचा नवरा मकबूल जिल्द बांधायचा. ग्रंथालयाची निम्मी पुस्तकं त्याच्याच हातून गेलेली. किल्लारीच्या भूकंपात त्याच्या घराची आणि शेजारच्या घराची मधली मातीची भिंत पडली. शेजाऱ्यानं ती पुन्हा बांधताना हातभर अलीकडं, मकबूलच्या बोळात घेतली. मकबूल म्हणाला, जाऊ द्या, जीव वाचले ते काय कमी हाय. मकबूल गेला. मग लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. बाहेरगावच्या पोरी डॉक्टर व्हायला येऊन राहू लागल्या, आणि हाजराबीनं आतल्या घरात खानावळ सुरू केली. गुरुपादप्पांच्या माडीवर राहणाऱ्या तिन्ही पोरीही तिच्याकडंच जेवायच्या. डबे भरायचे आणि हातगाडी बोळातून रस्त्यावर काढून क्लासच्या दारात न्यायची. शेजारचं घर रेवणसिद्ध नावाच्या माणसानं विकत घेतलं. त्याला तिथं मुलींचं वसतिगृह उठवायचं होतं, आणि उरलेला बोळही त्याला आपलाच वाटत होता. म्हणून हाजराबी कोर्टात गेली. कोर्टानं मनाई दिली: दावा संपेपर्यंत बोळात कुणी काही बांधायचं नाही. आता दावाच गेला म्हटल्यावर मनाईही गेली. हे मोबाईलवर लिहिलेलं नव्हतं, पण तेवढं गुरुपादप्पांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी, क्लास उघडले म्हणून, जेबाचं बाळंतपण व्हायच्या आधीच हाजराबी उदगीरहून आली आणि पिशवी घरात टाकून सरळ ओट्यावर.

"अण्णा, लागली का वो तारीख?"

गुरुपादप्पा तुळशीकडं बघत म्हणाले, "नाही अजून."

"दिवाळी तर झाली की."

"ते... पान उघडत नाही नीट. सुट्ट्यांचं काम साचलं असेल."

"बरं. तुम्ही हाव म्हणून मला घोर न्हाई," असं म्हणून ती गेली.

दारात महानंदा उभी होती. ती काही ग्रंथपाल नव्हती, पण नवऱ्याचं तोंड तिला पाठ होतं. "काय झालंय?"

"कुठं काय."

"तुळशीला सांगून राहिलात का हाजराबीला? काल अर्धी भाकरी ताटात टाकून उठलात. काय ते बोला."

ते मोबाईल घेऊन आत गेले. रात्रभर मात्र मनात वाक्यं जुळवत राहिले. भाबी, एक चूक झाली. भाबी, कोर्टानं जरा घाई केली. भाबी, त्या दिवशी पान उघडत नव्हतं. प्रत्येक वाक्यात दोष दुसऱ्याच कुणावर तरी जात होता.

तिसऱ्या दिवशी नांदेडला एका जुन्या ग्रंथपालाकडं जाऊन येतो, असं सांगून ते एसटीत बसले. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा उतरून परत फिरावं असं त्यांच्या मनात आलं. पण लोहा गेलं, आणि नांदेड आलं.

भीमाशंकर वकील लेकीच्या गच्चीवर उन्हात बसले होते. "या मठपती! वकिली सोडली, पर पक्षकार काय सोडीनात."

"माझं काही नाही. हाजराबीचं आहे." आणि एकदा तोंड उघडल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं.

वकील ऐकत राहिले. मग म्हणाले, "तारीख कशावरून सांगितली?"

"अंदाजानं."

"अहो, जन्मभर वकिली केली. पक्षकाराला निकालाचा अंदाज सांगितला, साक्षीदाराचा सांगितला, जजाच्या मूडचा बी सांगितला. तारखेचा अंदाज कधी सांगितला न्हाई." ते हसले, आणि गुरुपादप्पांचं तोंड बघून थांबले. "दावा परत घेता येतो. महिन्याच्या आत अर्ज टाकायचा. गैरहजेरीला कारण सबळ पाहिजे."

"तिला न कळता काही जमेल?"

भीमाशंकरांनी पाय खाली घेतले. "तिला न कळता दावा गेला. आता तिला न कळताच परत आणायचा म्हणता. मग तिच्यासाठी काय ठेवलंय तुम्ही? अर्ज तिचा, अंगठा तिचा. कारण तेवढं तुमचं. तुम्ही शपथेवर लिहून द्यायचं, की मी चुकीची तारीख सांगितली म्हणून बाई आली न्हाई. माझी पूर्वीची ज्युनियर मंजुश्री आता लातूरच्या कोर्टासमोर स्वतःचं टेबल टाकून बसते, तिच्याकडं जा. आणि उशीर लावू नका. रेवणसिद्धाला कळलं तर तो काय तुमची वाट बघत बसणार हाय?"

"त्याला कसं कळेल?"

"तुम्हाला कसं कळलं?"

परतीच्या गाडीत गुरुपादप्पांनी ठरवलं, की घरी न जाता सरळ हाजराबीकडं जायचं. गेलेही. बोळातून आत शिरले तर अंगणात पोरी जेवत होत्या आणि हाजराबी तव्यावरची भाकरी उलटत होती. त्यांना बघून ती तशीच उठली, पिठाच्या हातानं आत गेली आणि बशीत पेढा घेऊन आली.

"बरं झालं आलात, मी येणारच हुते. नातू झाला, अण्णा! जेबाचा निरोप आला दुपारी. तोंड गोड करा."

"भाबी, मी एक..."

"आधी तोंड गोड करा. ह्या येळेला तुम्ही हुता म्हणून लेकीपाशी राहाय मिळालं बघा. तारीख दिवाळीनंतर म्हणालात आणि माझा जीव भांड्यात पडला. न्हाई तर सगळं ध्यान ह्या कोर्टाकडंच."

माडीवरची एक पोरगी म्हणाली, "आजोबा, घ्या ना, लाजता काय!" सगळ्या हसल्या. गुरुपादप्पांनी पेढा तोंडात टाकला. तो गिळला जाईपर्यंत जे बोलायचं होतं तेही त्याच्याबरोबर खाली गेलं. आनंदाच्या दिवशी कशाला, असं त्यांनी स्वतःला समजावलं. उद्या.

उद्या तिच्याकडं पाहुणे आले. परवा तिला बरं नव्हतं. त्यानंतरच्या दिवशी गुरुपादप्पा निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि दुकानातून काडेपेटी घेऊन परत आले. घरी दोन काडेपेट्या होत्या. महानंदानं ती तिसरी बघितली आणि काही न बोलता फळीवर ठेवली. रोज सकाळी माणसं येत. ते त्यांच्या तारखा दोनदोनदा बघून सांगत, आणि हाजराबीच्या हाकेला कान देऊन बसत.

एका सकाळी हाक आली, पण ती नेहमीची नव्हती.

बोळाच्या तोंडाशी माणसं कामाला लागली होती. खड्डा आदल्या संध्याकाळीच खणून झाला होता. पाण्याची पाईप टाकत असतील असं हाजराबीला वाटलं होतं. आता त्यात लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा होता आणि काँक्रीट ओतणं चाललं होतं. अर्धा बोळ खांबानं खाल्ला होता. हाजराबी पदर खोचून मध्ये उभी होती.

"कोर्टाचा स्टे हाय ह्याच्यावर! मनाई हाय! थांबा, हात लावू नका!"

रेवणसिद्धाचा मुकादम निवांत होता. "काकू, स्टे कवाच गेला. दावाच न्हाई राहिला तुमचा."

"कोण म्हणतं?"

"मोबाईलात दिसतंय की. मालकानं दाखवलं मला. इश्वास नसंल तर तुमच्या अण्णांना इचारा, ते तर रोज बघतेत."

हाजराबी वळली. गुरुपादप्पा गर्दीच्या मागं उभे होते.

"अण्णा, सांगा वो ह्याला. दाखवा कोर्टाचं पान."

गल्लीतली माणसं बाजूला झाली. डबे न्यायला आलेल्या पोरी बघत होत्या. त्या गर्दीत नवरात्रातल्या सकाळी ओट्यावर बसलेले दोघं होते. गुरुपादप्पांनी खिशातून मोबाईल काढला. पान उघडायला तो दिवसभर लागला असता तर बरं झालं असतं. पण ते चटकन उघडलं.

"तो म्हणतो ते खरं आहे, भाबी. दावा गेला."

"गेला म्हंजे?"

"तारीख दिवाळीच्या आधी होती. तुम्ही नव्हता म्हणून काढून टाकला."

"पर तुम्ही तर..."

"मी चुकीची सांगितली. त्या दिवशी पान उघडलंच नव्हतं. अंदाजानं सांगितली."

काँक्रीट कालवणारं यंत्र घरघरत होतं. हाजराबी त्या यंत्राकडं वळली, मग पुन्हा त्यांच्याकडं.

"तुम्हाला कवा कळलं?"

"भाऊबीज झाल्यावर."

"म्हंजे पेढा दिला तवा?"

"माहीत होतं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर गुरुपादप्पांना सोपं गेलं असतं.

"तारखेचं काय न्हाई, अण्णा. तारीख चुकती, माणसं चुकतेत. पर पेढा कसा गिळला वो तुम्ही? माझ्या समोर उभं राहून?"

महानंदा कधी मागं येऊन उभी राहिली होती ते त्यांना कळलं नाही. ती म्हणाली, "आता उभं काय राहिलात? चपला घाला. वकिलाकडं चला."

मंजुश्री वकिलांचं ऑफिस म्हणजे कोर्टासमोर एक टेबल आणि तीन खुर्च्या. तिनं दिवस मोजले आणि कपाळाला हात लावला. मुदत संपायला फारसं काही उरलं नव्हतं. हाजराबीच्या अर्जावर तिचा अंगठा घेऊन झाला. मग गुरुपादप्पांचं शपथपत्र. मंजुश्रीनं टाइप करून वाचून दाखवलं: अनवधानाने चुकीची तारीख सांगितली गेली.

"अनवधानाने काढून टाका," गुरुपादप्पा म्हणाले. "सांगितली गेली नाही. मी सांगितली. पान बघितलं नसताना सांगितली."

"बरं. चालेल."

"आणि दावा गेल्याचं कळल्यावर मी ते लपवलं, तेही लिहा."

"काका, त्याची गरज नाही. अर्ज मुदतीत आहे. कोर्ट ते विचारणार नाही. उगाच समोरच्या वकिलाच्या हातात कशाला द्यायचं?"

गुरुपादप्पांनी मान हलवली. त्यांना मनातल्या मनात जरा सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची लाज वाटली. तेव्हा इतका वेळ भिंतीकडं बघत बसलेली हाजराबी म्हणाली, "लिवा. तारखेनं दावा गेला. खांब ह्यांच्या लपवण्यानं उभा राहिला."

मंजुश्रीनं दोघांकडं पाहिलं आणि लिहिलं.

अर्ज पुकारला गेला तेव्हा कोर्टात गर्दी होती. समोरच्या वकिलानं शपथपत्रातला तोच परिच्छेद मोठ्यानं वाचला, दोनदा. न्यायाधीशांनी गुरुपादप्पांना पुढं बोलावलं.

"आपण वकील आहात?"

"नाही."

"वकिलांकडं कारकून होता?"

"ग्रंथपाल होतो."

मागं कुणीतरी हसलं.

"पान उघडलं नाही, तर उघडलं नाही एवढंच सांगायचं. तसं का सांगितलं नाही?"

त्या रात्री जुळवलेली वाक्यं त्यांना आठवली आणि एकही कामाचं निघालं नाही. "लोक विचारायला येत होते," ते म्हणाले. "नाही म्हटलं तर यायचे थांबतील, असं वाटलं."

न्यायाधीशांनी थोडं लिहिलं, थांबून आणखी थोडं लिहिलं. बाईची स्वतःची चूक नाही, म्हणून दावा पुन्हा घेतला. आणि जागेबाबत पुढचा हुकूम होईपर्यंत परिस्थिती जैसे थे.

बाहेर आल्यावर मंजुश्रीचा चेहरा फुलला होता. "मावशी, दावा जिवंत झाला तुमचा!"

"आणि खांब?"

मंजुश्रीनं फाईल पिशवीत सरकवली. "जैसे थे म्हणजे आज आहे तसं. रेवणसिद्धाला आता एक वीटसुद्धा लावता येणार नाही. पण जे बांधलंय ते... ते पण तसंच राहील. दाव्याचा निकाल लागला की मग पाडायचं बघता येईल."

"निकाल कवा लागंल?"

मंजुश्रीनं नकळत गुरुपादप्पांकडं पाहिलं. हाजराबीनंही पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

नांदेडहून आलो त्या संध्याकाळी बोललो असतो, तर जैसे थे म्हणजे मोकळा बोळ होता. हे कोर्टाच्या पायरीवर त्यांना जितकं स्वच्छ दिसलं, तितकं आधी दिसलं नव्हतं. दोघांच्या मध्ये महानंदा चालत होती.

खांबानं हातगाडी आत अडकली, ती अडकलीच. आता डबे हातानं बाहेर काढावे लागत. सहा-सहा डब्यांच्या दोन पिशव्या घेऊन हाजराबी खांबापाशी यायची, अंग चोरून तिरपी व्हायची, आधी एक पिशवी पुढं काढायची, मग स्वतः, मग दुसरी. तारखा बघायला ती ओट्यावर येत नसे. मंजुश्रीला फोन करून विचारत असे. बाकीची माणसंही कमी झाली होती. जी येत त्यांना गुरुपादप्पा सांगत, वकिलालाही विचारून घ्या.

एक दिवस धीर करून ते बोळात गेले. हाजराबी पलीकडून पिशव्या घेऊन येत होती.

"भाबी, एक पिशवी द्या. क्लासपर्यंत पोचवतो. रोज येत जाईन."

ती खांबाच्या पलीकडं थांबली. डब्यांची ऊब कापडातून तिच्या हाताला लागत असावी. तिनं पिशव्या खाली ठेवल्या नाहीत. तिनं त्यांच्याकडं नीट बघितलं, खांबाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"तुम्ही तारखेला कोर्टात येत जा," ती म्हणाली. "दर तारखेला. मी बसंल तिथं बसत जा. डब्याचं माझं मी बघते."

"येईन."

"सरका मग. पोरींची सुट्टी हुईल."

गुरुपादप्पा भिंतीला पाठ लावून अंग चोरून उभे राहिले, आणि ती पिशव्या सांभाळत त्यांच्या समोरून निघून गेली.